‘मला मजा आली’पासून इंग्रजी

बावीस वर्षांची असताना मी एका ऑफिसात मुलाखतीला गेले होते. निबंध पाठ, काळांचे तक्ते पाठ, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर तर झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. समोरच्या साहेबांनी सहज विचारलं, ‘व्हॉट डू यू डू फॉर फन?’ सगळे शब्द ओळखीचे होते, पण तोंडातून काही निघेना. त्याच महिन्यात मी तीनदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापुरात होम मैदानावर भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला, जाऊन आले होते, आकाशपाळण्यात बसले होते, मैत्रिणीच्या शेतात हुरडा खाल्ला होता. यातलं एक वाक्यही मला इंग्रजीत सांगता आलं नाही, कारण मजेबद्दलचं इंग्रजी मी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं होतं ते प्रदूषणावर, शिस्तीवर आणि वेळेच्या महत्त्वावर.

आता मी दिवसा टॉवेलच्या कारखान्यात परदेशी ऑर्डरींचा पत्रव्यवहार बघते आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवते. येणाऱ्या मुली बहुतेक आमच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, 2000 सालापासून ते पहिलीपासून आहे. तरी बोलायची वेळ आली की मुली माझ्यासारख्याच गप्प होतात. म्हणून त्यांना मी पहिल्या दिवसापासून एकच सांगते, तेच इथे लिहिते: तुम्ही स्वतः जी मजा केली आहे, तिच्याबद्दलचं इंग्रजी वाचा.

कारण साधं आहे. जत्रेबद्दल वाचताना चित्र आधीच डोळ्यांपुढे असतं. ‘द क्यू फॉर द जायंट व्हील वॉज लाँग’ हे वाक्य आलं आणि ‘क्यू’ माहीत नसला, तरी होम मैदानावर पाळण्यासमोर जी अर्धा तास उभी राहिली आहे तिला तो सांगावा लागत नाही. प्रदूषणावरच्या परिच्छेदात शब्दही परका आणि विषयही परका. दोन्ही ओझी एकदम कशाला उचलायची?

(इथे मी वाक्यांचे उच्चार देवनागरीत देते आहे. तुम्ही वाचाल ते मात्र इंग्रजी अक्षरांतच वाचा, नाहीतर स्पेलिंग डोळ्यांत बसत नाही.)

काय वाचायचं

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टी फुकट मिळतात, त्यांना पातळ्या दिलेल्या असतात, आणि बऱ्याच गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या गोष्टी वाचायला लाजू नये. पोहणं, पतंग, पाऊस, जत्रा, आजोळ हे सगळं तिथेच आहे. थोडं पुढे गेलात की ब्रिटिश कौन्सिलच्या लर्न इंग्लिश या वेबसाइटवर पातळीप्रमाणे छोटे उतारे आहेत. आणि साध्या इंग्रजीतला विकिपीडिया वेगळा आहे, तो माझा फार आवडता. त्यावर विषय तुमच्या आवडीचा शोधा: कॅरम, सर्कस, क्रिकेट, आकाशपाळणा.

आकाशपाळण्याचंच बघा. तो पहिल्यांदा एवढ्या प्रचंड आकारात उभारला जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं, शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात. उंची 264 फूट, डबे 36. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते, हे सांगितलं की मुलींना ते साल पुन्हा विसरता येत नाही. अमेरिकेत या पाळण्याला अजून ‘फेरिस व्हील’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘बिग व्हील’, आणि आपल्याकडे ‘जायंट व्हील’. एका पाळण्यानं तीन नावं दिली, आणि ती लक्षात ठेवायला काही पाठ करावं लागलं नाही.

अशी जत्रेतली प्रत्येक वस्तू काही ना काही देते. म्हातारीचे केस अमेरिकेत ‘कॉटन कँडी’, इंग्लंडमध्ये ‘कँडीफ्लॉस’. मौत का कुआँ आपण ‘वेल ऑफ डेथ’ म्हणतो, तिकडचे लोक ‘वॉल ऑफ डेथ’ म्हणतात. आपण खोलीकडे बघून विहीर म्हणालो, ते मोटारसायकल जिच्यावरून फिरते त्या भिंतीकडे बघून वॉल म्हणाले. ‘पिकनिक’ म्हणजे आपल्याला अख्खी सहल वाटते, तर त्यांची पिकनिक म्हणजे मुख्यतः डबा घेऊन बाहेर जाऊन मोकळ्यावर जेवणं. त्यामुळे ‘बसनं विजापूरला पिकनिकला गेलो, गोलघुमट बघितला’ असं इंग्रजीत सांगायचं तर तिथे ‘ट्रिप’ बसतो. गोलघुमटाजवळ झाडाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, ती पिकनिक.

‘मला’ सोडायचं

आता व्याकरण. इथे मी रेंगाळणार आहे, कारण आमच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

मराठीत मजा ‘येते’. मला मजा आली, मला कंटाळा आला, मला भीती वाटली, मला आवडलं. मजा, कंटाळा, भीती हे पाहुण्यांसारखे येतात आणि मी नुसती बसलेली असते. तेलुगू आणि कन्नडमध्येही मांडणी बरीचशी अशीच आहे. म्हणून आमच्या मुली आधी ‘टू मी फन केम’ असं काहीतरी मनात जुळवतात आणि अडतात. इंग्रजीत ‘मला’ चालत नाही, ‘मी’ पुढे यावं लागतं. आय हॅड फन. आय वॉज बोअर्ड. आय वॉज स्केअर्ड. आय लाइक्ड इट. मजेवरचा कुठलाही उतारा घ्या, त्यातल्या वाक्यांच्या सुरुवातीला ‘आय’ आणि ‘वी’ किती वेळा आले ते पेन्सिलीनं गोल करा. दहा उतारे असे गोल केले की ‘मला’ आपोआप सुटतं. नियम सांगून ते सुटलेलं मी अजून पाहिलं नाही.

‘फन’ मोजता येत नाही. आपण ‘खूप मजा’ म्हणतो, ‘चार मजा’ म्हणत नाही, तसंच. म्हणून ‘अ लॉट ऑफ फन’, ‘सो मच फन’ बरोबर, ‘मेनी फन’ चूक. ‘अ फन डे’ असं कुठे दिसलं तर घाबरू नका, तो ‘अ’ दिवसाचा आहे, मजेचा नाही. आणि ‘फनी’ वेगळा. गड्डा ‘फनी’ होता म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तिथे काहीतरी हसण्यासारखं किंवा विचित्र घडलं.

सतराव्या शतकात ‘फन’चा अर्थ फसवणं, बनवणं असा होता, आणि सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशात त्याला हलक्या दर्जाचा शब्द म्हटलं. ‘मेक फन ऑफ’ म्हणजे टर उडवणं, त्यात तो जुना वास राहिलाय. आपली ‘मजा’ फारसीतून आली, तिचा मूळ अर्थ चव. हे मला फार आवडतं. आमच्या खोलीतल्या तिन्ही भाषांत हा शब्द आहे, आणि तिन्हींत तो जिभेवरून आलेला आहे.

‘हॅव’ आणि ‘हॅविंग’चा घोळ मी असा सोडवते. मराठीत जिथे ‘चाललंय’ बसतं तिथे ‘हॅविंग’ चालतं. मजा चाललीय: वी आर हॅविंग फन. जेवण चाललंय: वी आर हॅविंग लंच. पण ‘दोन भाऊ चाललेत’ म्हणता येत नाही, दोन भाऊ ‘आहेत’. म्हणून आय हॅव टू ब्रदर्स. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे ऑफिसातसुद्धा मी रोज ऐकते.

‘एन्जॉय’ला सोबत लागते. मराठीत ‘खूप एन्जॉय केलं’ म्हटलं की वाक्य पुरं होतं. इंग्रजीत कशाचा आनंद घेतला ते सांगायचं: वी एन्जॉइड द फेअर. काही नसेल तर स्वतःलाच जोडायचं: वी एन्जॉइड अवरसेल्व्ज. पुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून: आय एन्जॉय स्विमिंग. ‘एन्जॉय टू स्विम’ नाही. पोहायला जाणं म्हणजे ‘गो स्विमिंग’, बाजाराला जाणं म्हणजे ‘गो शॉपिंग’. क्रिकेटला मात्र ‘प्ले’.

बोरिंग आणि बोअर्ड? कंटाळवाणं आणि कंटाळलेली. मराठीत जोडी तयार आहे, तिच्यावर बोट ठेवा आणि पुढे चला.

एक उतारा, तीन वेळा

हा मी लिहिलेला उतारा पहिल्या आठवड्यात देते: ‘लास्ट जॅन्युअरी वी वेंट टू द फेअर. वी रोड ऑन द जायंट व्हील. माय सिस्टर वॉज स्केअर्ड, बट आय वॉज एन्जॉयिंग मायसेल्फ. वी एट कॉटन कँडी अँड वॉच्ट द फायरवर्क्स. वी हॅड अ लॉट ऑफ फन.’

पहिल्यांदा थांबायचं नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही. फक्त चित्र बघायचं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक होते, अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. ते आठवत वाचलं की ‘फायरवर्क्स’ कळतोच.

दुसऱ्यांदा पेन्सिल घ्यायची. जास्तीत जास्त पाच शब्दांखाली रेघ. पानावर पाचाहून जास्त अडले तर तो उतारा बाजूला ठेवा, सोपा घ्या. शब्दकोशात बघताना मराठी अर्थावर थांबू नका, खाली दिलेलं वाक्य वाचा. ‘राइड’चा अर्थ ‘स्वार होणे’ एवढाच घेतला तर पाळण्यात कोण स्वार होतं असा प्रश्न पडतो. वाक्यात तो घोडा, सायकल, बस, पाळणा सगळ्यांबरोबर दिसतो.

मग भूतकाळाची क्रियापदं बघा. वेंट, रोड, एट, हॅड. एकालाही ‘ईडी’ नाही. इंग्रजीत जी क्रियापदं सगळ्यात जास्त वापरात, तीच बहुतेक वाकडी चालतात: जाणं, येणं, खाणं, बघणं, देणं, घेणं. मजेच्या उताऱ्यात तीच पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तक्ता पाठ करण्यापेक्षा हे लवकर बसतं. सरळ क्रियापदांच्या शेवटाकडे कान द्या: ‘वॉच्ट’मध्ये ट, ‘प्लेड’मध्ये ड, आणि ‘शाउटेड’मध्ये पूर्ण ‘एड’. तिन्ही लिहिताना एकसारखेच.

तिसऱ्यांदा मोठ्यानं. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन, पण मोठ्यानंच.

त्यानंतर कागद पालथा घाला आणि तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगा. बहीण नसेल तर मैत्रीण, कॉटन कँडीऐवजी भजी. मग काळ बदला. ‘एव्हरी जॅन्युअरी वी गो टू द फेअर.’ ‘नेक्स्ट जॅन्युअरी वी आर गोइंग टू गो टू द फेअर.’ एका उताऱ्याचे तीन काळ, आणि तिन्ही खरे.

शब्द एकटा लिहायचा नाही, वाक्यासकट लिहायचा. कारखान्यातून टॉवेलच्या घडीत घालायचे कापून उरलेले पुठ्ठे मी आणते. एका बाजूला वाक्य, त्यातल्या शब्दाची जागा कोरी, मागे तो शब्द. रोज दहा पुठ्ठे. फोनवर फिरणाऱ्या ‘मजेसाठी 50 इंग्रजी वाक्प्रचार’ अशा याद्यांपासून लांब राहा. त्यातले निम्मे कुणी बोलत नाही, आणि ते पाठ करणारी मुलगी ‘आय हॅड फन’ म्हणायला कचरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटचं काम लिहिण्याचं. महिन्यातून एकदा, स्वतः केलेल्या मजेवर आठ वाक्यं. गेल्या हिवाळ्यात अकरावीतल्या एका मुलीनं हुरड्यावर लिहिलं. तिची आई तिला न्यायला आली होती, सुपातल्या विड्या सोबत घेऊनच उंबऱ्याशी बसली. मुलगी वाचत होती, ‘वी रोस्टेड द जवार इन अ फायर.’ आईला इंग्रजी येत नाही, पण ‘फायर’ तिला कळला. म्हणाली, ‘अक्का, जाळात भाजलं तर कणीस करपतंय की. आगटीतला जाळ बसू द्यायचा, मग निखाऱ्यावर ठेवायचं.’ मुलीनं शब्दकोश काढला, ‘निखारा’ शोधला, आणि वाक्य खोडून नवं लिहिलं: ‘वी रोस्टेड द जवार ऑन हॉट एम्बर्स.’ मग तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. आई विड्या मोजता मोजता थांबली आणि तिच्या मागून म्हणाली, ‘एम्बर्स.’