आभासी जगात फेटा विकायचा तर

‘एकदा बनवा, सगळीकडे विका’ असं सांगणाऱ्यांनी स्वतः कधी एक टोपी तरी विकली असेल का, शंकाच आहे. मी काही वर्षांपासून अवतारांसाठी, म्हणजे आभासी जगात आपल्या जागी वावरणाऱ्या पात्रांसाठी, फेटे विकतो. अशी तीन जगं: सेकंड लाइफ, रोब्लॉक्स आणि व्हीआरचॅट. मॉडेल एकच, दुकानदारी मात्र तीन तऱ्हांची.

ब्लेंडर (त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) येतं हे गृहीत धरतो. मॉडेलचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा बनलेला असतो; फेटा ४,००० त्रिकोणांच्या आत बसवा. रोब्लॉक्सची मर्यादा तेवढीच आहे, आणि तिथे बसलेला फेटा बाकी दोन्हीकडे खपतो. तुऱ्याच्या निऱ्यांवर त्रिकोण उधळू नका, निऱ्या टेक्श्चरमध्येच (मॉडेलवर गुंडाळायच्या चित्रात) रंगवा. जरीचा काठ घरच्या फेट्याचा फोटो काढून तयार करा. सेकंड लाइफमध्ये विकत घेतलेल्या टेक्श्चरचा परवाना बहुधा त्या जगापुरताच असतो.

सेकंड लाइफवर चढवताना कमी तपशिलाच्या पातळ्या (दुरून पाहताना दिसणारी हलकी रूपं) आपोआप बनवू देऊ नका. दुरून तुरा उडालेला दिसतो आणि डोक्यावर नुसती पगडी उरते.

आता मी जिथे तोंडावर आपटलो ती पायरी: परवानग्या. सेकंड लाइफमध्ये प्रत्येक वस्तूवर पुढच्या मालकासाठी तीन खुणा असतात: मॉडिफाय (बदलणं), कॉपी (प्रत काढणं), ट्रान्सफर (दुसऱ्याला देणं). कॉपी आणि ट्रान्सफर दोन्ही दिलंत तर गिऱ्हाईक उद्या तुमचाच फेटा वाटत सुटेल. माझं ठाम मत: फेट्याला कॉपी आणि मॉडिफाय द्या, ट्रान्सफर बंद ठेवा. भेट द्यायची असेल त्याला मार्केटप्लेसवरून (सेकंड लाइफच्या वेबवरच्या बाजारातून) थेट दुसऱ्याच्या नावाने घेता येतं. मॉडिफाय बंद ठेवणारे दुकानदार मला कळतच नाहीत. प्रत्येकाचं डोकं वेगळं, फेटा लहानमोठा करता आला नाही तर तो घालायचा कसा?

पण खरी मेख पुढे आहे. फेट्याच्या पोटात ठेवलेल्या गोष्टींच्या परवानग्या वेगळ्या असतात. माझ्या पहिल्या फेट्यात रंग बदलणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) होती. वरच्या खुणा मी नीट लावल्या आणि खूश झालो. आतली स्क्रिप्ट पूर्ण मोकळी राहिली. फेट्याला मॉडिफाय दिलेलं, त्यामुळे कुणीतरी कंटेंट टॅब उघडून ती बाहेर ओढली. महिनाभराने माझीच स्क्रिप्ट दुसऱ्या एका दुकानाच्या टोप्यांमध्ये फिरताना दिसली, मी लिहिलेल्या मराठी टिप्पणीसकट. तक्रार कुणाकडे करणार? परवानगी मीच दिली होती.

म्हणून फेटा जमिनीवर काढा, आतली एकेक वस्तू उघडून खुणा लावा, मग फेटा परत सामानात (इन्व्हेंटरीत) घ्या. सामानात पडलेल्या फेट्यावर नुसत्या वरवर खुणा करून विसंबू नका. त्यानंतर दुसऱ्या खात्याने एका लिंडन डॉलरला (सेकंड लाइफच्या चलनात) तो स्वतः विकत घ्या. स्क्रिप्ट ओढून काढा आणि नावापुढे ‘नो ट्रान्सफर’ लिहून येतं का पाहा. आलं नाही तर दुकान बंद, पुन्हा पहिल्यापासून.

रोब्लॉक्सवर ही डोकेदुखी नाही: घेणारा फक्त घालतो, फाइल त्याच्या हाती जात नाही.

व्हीआरचॅटसाठी मात्र बूथसारख्या ऑनलाइन बाजारात फाइलच विकावी लागते आणि तिला कुलूप नसतं. सोबत साध्या भाषेत परवाना लिहा: अवताराला लावा, बदला, पुन्हा विकू नका. फेट्यात किती त्रिकोण आहेत तेही सांगा, कारण अँड्रॉइडवर अख्खा अवतार २०,००० त्रिकोणांच्या वर गेला की त्यावर ‘व्हेरी पुअर’चा, म्हणजे कामगिरीच्या सर्वांत खालच्या श्रेणीचा, शिक्का बसतो.

किंमत ठरवताना साधारण अडीचशे लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर हे डोक्यात ठेवा. रोब्लॉक्सवर कमावलेले किमान ३०,००० रोबक्स (तिथलं चलन) साठल्याशिवाय रोख मागता येत नाही. पैसे पेपलवर येणार असतील तर भारतातलं खातं पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) विचारतं, तो आधीच भरून ठेवा.