कपाशीला सूक्ष्म अन्नद्रव्ये देण्याआधीची तयारी

सुरुवात बादलीपासून. मातीचा नमुना गोळा करायला प्लास्टिकची बादली घ्या. जस्ती पत्र्याची बादली वापरली तर मुलाम्यातले जस्त नमुन्यात उतरते आणि नसलेले जस्त अहवालात दिसते. कुदळ लोखंडीच असेल, तर २० सेंमी खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून कुदळ लागलेली बाजू लाकडी पट्टीने खरवडून टाका, मग तिथूनच वरपासून खालपर्यंत पातळ थर काढा. एकसारख्या जमिनीत ८-१० ठिकाणे पुरतात. बांधाकडेची आणि खताचा ढीग पडलेली जागा सोडा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा, सावलीत वाळवा आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी नको.

अहवालात जस्त ०.६, लोह ४.५, मँगनीज २, तांबे ०.२ आणि बोरॉन ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) यांपैकी कशाच्या खाली आहे ते पाहा. जे कमी, तेवढेच आणा. ‘सगळे थोडे थोडे’ असलेले मिश्रण सोयीचे वाटते, पण त्यात नेमके हवे ते पुरेसे नसते. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) आणि चुनखडीचे प्रमाणही वाचा. चुनखडीच्या जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जाते, म्हणून तिथे लोह फवारणीतून देणे बरे.

गोणीवरचे टक्के तपासा. झिंक सल्फेट २१ टक्क्यांचे आणि ३३ टक्क्यांचे, असे दोन्ही मिळते. हेक्टरी २५ किलो ही नेहमीची मात्रा २१ टक्क्यांची आहे. ३३ टक्क्यांचे १६ किलोतच भागते. ते कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका, त्यांतले स्फुरद (फॉस्फरस) जस्ताला बांधून ठेवते. एकदा दिलेले जस्त दोन-तीन हंगाम पुरते, तेव्हा मागची वही चाळा.

बोरॉनबाबत मात्र हात आखडताच हवा. कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे. हेक्टरी ५ किलो बोरॅक्स ५० किलो कोरड्या वाळूत नीट मिसळून सारखे पसरा. एका जागी जास्त पडले, तर तिथल्या झाडांच्या खालच्या पानांच्या कडा करपतात.

फवारणीसाठी काटा, गाळायला फडके आणि दोन वेगळ्या बादल्या लागतात. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट घ्या. आम्लता मारायला साधारण ३७ ग्रॅम चुना वेगळा भिजवून वरची निवळी गाळून घाला, नाहीतर पाने भाजतात आणि नोझल तुंबते. पाते (फुलाची कळी) लागताना एक, बोंडे धरताना दुसरी फवारणी. काही मिसळायचेच असेल, तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात कालवून अर्धा तास ठेवा. तळाशी साका बसला तर तो पंपात जाऊ देऊ नका.

खालची पाने शिरा हिरव्या ठेवून लाल होत असतील, तर आधी मॅग्नेशियम तपासा. जस्ताच्या गोणीने तो लाल्या (पाने लाल पडणे) हटत नाही.

फवारणीने फरक पडला का ते ताडून पाहण्यासाठी चार ओळी कोऱ्या ठेवायला खुंट्या आणि दोरी आणा. त्या ओळींवर फवारणीच्या दिवशी नुसते पाणी मारा. वेचणीआधी दोन्हीकडची प्रत्येकी २० झाडे घेऊन बोंडे मोजा, मग ५०-५० बोंडांचा कापूस वेगवेगळा तोला.