सेकंडहँड स्पोर्ट्स कूपे घेतलीत? आधी टायरचं वय बघा

हौसेची गाडी बहुतेक रविवारपुरतीच बाहेर पडलेली असते. मीटरवर किलोमीटर कमी, टायरची नक्षी नव्यासारखी, पण रबर आठ वर्षांचं! ते कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. म्हणून ताब्यात आल्या दिवशीच हे करा.

१. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा.

२. चार आकडे दिसत नसतील तर ते आतल्या बाजूला असतात. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून, हात चाकामागे घालून सावकाश व्हिडिओ घ्या आणि थांबवून वाचा. धूळ असेल तर आधी ओलं फडकं फिरवा.

३. चारही टायर तपासा, एकावरून अंदाज नको.

सहा वर्षं उलटली असतील तर मी बदलाच म्हणेन. अशा गाड्यांत पुढची-मागची मापं अनेकदा वेगळी असतात, तेव्हा दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघूनच मागवा. त्याच फेरीत ब्रेक ऑइलही बदलून घ्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.