'फॉष'ला बोलावलं तर जेवण रांधू नका

गोव्यात हरमलला आमच्या तीन खोल्या भाड्याने असतात. एका डिसेंबरात नॉर्वेची पोरं उतरली होती. त्यांतली एक म्हणाली, "काकी, सात वाजता गच्चीवर फॉष आहे, या." मला वाटलं, जेवणाचा बेत. आठ जणांचं बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, नि शीत, म्हणजे भात, रांधलं. दहा वाजता सगळी उठली आणि बारला गेली! ते हुमण दुसऱ्या दिवशी आम्हीच संपवलं.

तुमची अशी फजिती नको. 'फॉष' म्हणजे जर्मन 'फोरश्पील'चं शेपूट छाटून उरलेलं मुंडकं. 'फोर' म्हणजे आधी, 'श्पील' म्हणजे खेळ किंवा वादन. संगीतात ते सुरुवातीचं वादन; आपल्या जत्रेतल्या नाटकाची नांदी म्हणा. नॉर्वेकरांनी ती नांदी बाटलीला जोडली: बारला जाण्याआधी कुणाच्या तरी घरी जमून पिणं. जर्मन पाहुण्यासमोर मात्र जपून. शेजेवरच्या आधीच्या लाडीगोडीलाही ते हाच शब्द वापरतात.

घरी का पितात? बारमधली दारू खिशाला भोक पाडते. तिकडे दुकानात बिअर मिळते ती रात्री 8 पर्यंत, शनिवारी 6 पर्यंतच, रविवारी नाहीच. 4.7 टक्क्यांहून कडक हवी तर 1922 पासूनचं सरकारी दारूचं दुकान 'विनमोनोपोल' गाठायचं. म्हणून वेळेत आणून ठेवायची आणि घरीच बसायचं. आमच्याकडे तिठ्यातिठ्यावर बार, तरी पोरांची सवय सुटत नाही.

उच्चार मराठी माणसाला सोपा, निदान असायला हवा. ऑस्लोकडे र आणि स मिळून आपला पोटफोड्या 'ष' होतो. आपण तो लिहितो आणि 'श' म्हणून मोकळे होतो; इथे जीभ खरोखर टाळूकडे वळवा. बर्गनचा माणूस र घशातून काढतो, त्याच्या तोंडी र नि स वेगळे ऐकू येतात. क्रियापदही आहे: 'स्कल वी फॉषे?' म्हणजे बसायचं का?

याचाच जुळा भाऊ 'नाख', मूळ 'नाखश्पील'. 'नाख' म्हणजे नंतर. तिकडे रात्री 3 नंतर बारमध्ये दारू देत नाहीत, मग मंडळी पुन्हा कुणाच्या तरी घरी.

आता बोलावणं आलं की मी आधी विचारते, फॉष की नाख? फॉषला खारे काजू नेते, तासभर बसते. नाखला जात नाही. पण पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आठ उंडे (गोल पाव) जास्त घेते. ते मात्र संपतात.