नैसर्गिक वायूपासून डिझेल: जीटीएल प्रकल्पाचा आराखडा कसा मांडायचा

मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, डिझेलच्या रेणूत साधारण दहा ते वीस. वायूपासून द्रव इंधन, म्हणजे जीटीएल, ही सगळी खटपट या सुट्या कार्बनची साखळी बांधण्यासाठी असते. तिचं मूळ रसायन जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२०च्या दशकात शोधलं. आराखडा करणाऱ्याने एकच वही जपावी, ती कार्बनची. आत आलेल्या कार्बनपैकी डिझेलमध्ये किती गेला, काजळीत, कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि परत मिथेनमध्ये किती गेला, याचा हिशेब प्रत्येक पायरीवर लागला पाहिजे.

खालचे आकडे दिवसाला १,००० बॅरल उत्पादन धरून काढले आहेत. हे काम कारखान्याचं आहे, हौशी प्रयोगाचं नाही: मधल्या वायूत भरपूर कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सुरुवात भावापासून

एका बॅरलला, म्हणजे १५९ लिटरला, सुमारे १०,००० घनफूट वायू लागतो. त्याची ऊर्जा साधारण १० एमएमबीटीयू (दहा लाख बीटीयू, वायूचा भाव ज्यात मोजतात ते ऊर्जेचं एकक). वायू ३ डॉलर एमएमबीटीयू दराने मिळत असेल तर बॅरलमागे कच्च्या मालाचा खर्च ३० डॉलर. १० डॉलरने घेतलात तर १००, आणि भांडवल, व्याज, कॅटलिस्ट (अभिक्रिया घडवून आणणारा, स्वतः न संपणारा पदार्थ) त्यावर वेगळे. म्हणूनच मोठे प्रकल्प कतारच्या रास लफान, मलेशियाच्या बिंतुलू, नायजेरियाच्या एस्क्रावोस अशा, वायूचे साठे जवळ असलेल्या ठिकाणी उभे राहिले. बाहेरून जहाजाने आणलेल्या एलएनजीवर, म्हणजे गोठवून द्रव केलेल्या वायूवर, जीटीएल चालवण्याचा विचार आकडेमोडीच्या पहिल्याच ओळीत सोडून द्यावा.

१,००० बॅरलसाठी दिवसाला सुमारे २,८३,००० घनमीटर वायू आत येईल. बाहेर पडणाऱ्या इंधनाचं वजन १२१ टनांच्या आसपास. वायू जवळजवळ शुद्ध मिथेन धरला, तर आलेल्या कार्बनपैकी ७२ टक्के कार्बन इंधनात पोचला. चांगला प्रकल्प ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्या कागदावर ९० टक्के दिसत असतील, तर भट्टीचं इंधन धरायचं राहिलं आहे.

वायूची सफाई

अमाइनच्या, म्हणजे आम्लधर्मी वायू शोषणाऱ्या रसायनाच्या, द्रावणाने हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढा. उरलेल्या सेंद्रिय गंधकासाठी थोडा हायड्रोजन मिसळून वायू कोबाल्ट-मॉलिब्डेनम कॅटलिस्टवरून ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला न्या आणि लगेच झिंक ऑक्साइडच्या थरातून सोडा. बाहेर पडताना गंधक ०.१ पीपीएमच्या खाली हवं. झिंक ऑक्साइडची दोन भांडी एकामागे एक ठेवावीत: पहिलं भरलं की दुसरं काम चालू ठेवतं आणि पहिल्यातला माल बदलता येतो. इथे कंजुषी केली तर पुढचे निकेल आणि कोबाल्ट दोन्ही कॅटलिस्ट मरतात, आणि गंधकाने मेलेला कोबाल्ट चालू रिअॅक्टरमध्ये सहजी जिवंत होत नाही.

सिनगॅस: खरी कसरत प्रमाणाची

आता मिथेनपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण, म्हणजे सिनगॅस, बनवायचं. या कामाला रिफॉर्मिंग म्हणतात. कोबाल्टच्या कॅटलिस्टला एका भाग कार्बन मोनॉक्साइडमागे हायड्रोजनचे सुमारे २.१ भाग लागतात. नुसत्या वाफेने रिफॉर्मिंग केलं तर हायड्रोजन तीन भागांच्या वर जातो. नुसत्या ऑक्सिजनने केलं तर १.७ ते १.८ वर अडतो. दोन्ही एकाच भांड्यात जमवणारा ऑटोथर्मल रिफॉर्मर म्हणूनच जीटीएलला सोयीचा: वर बर्नर, खाली निकेलचा थर, आतून विटांचं अस्तर.

अलिबाग तालुक्यातल्या थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनतो. अशा कारखान्यात काम केलेल्यांना झिंक ऑक्साइडचा थर आणि निकेलचा रिफॉर्मर ओळखीचे असतात. फरक हेतूचा आहे. अमोनियाला फक्त हायड्रोजन हवा असतो, म्हणून तिथे कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करून तो बाजूला काढतात. इथे तोच माल आहे.

कार्बनच्या एका अणूमागे वाफेचा ०.६ आणि ऑक्सिजनचा ०.५५ ते ०.६ रेणू धरा, दाब २५ ते ४० बार, बाहेर पडताना तापमान १,००० ते १,०५० अंश. हायड्रोजनचं प्रमाण वर गेलं तर पुढच्या रिअॅक्टरमधून उरलेला, कार्बन डायऑक्साइडयुक्त वायू इथे परत फिरवा. प्रमाण दोनच्या जवळ येतं. वाफ कमी केली की खर्च वाचतो, पण एका मर्यादेनंतर बर्नरखाली काजळी धरते. वायूत इथेन-प्रोपेन जास्त असतील तर ते तापवायच्या नळ्यांतच फुटून कार्बन साचवतात. त्यासाठी आधी ४५० ते ५०० अंशांना चालणारा प्री-रिफॉर्मर लावा.

सर्वांत फसवा भाग रिफॉर्मरनंतरचा. कार्बन मोनॉक्साइडने भरलेला वायू ४५० ते ८०० अंशांच्या धातूला लागला की त्याचं विघटन होऊन कार्बन थेट धातूत शिरतो आणि पोलादाची भुकटी होऊ लागते. याला मेटल डस्टिंग म्हणतात. वायू ताबडतोब वेस्ट हीट बॉयलरमध्ये न्या आणि तिथल्या नळ्यांचं धातू पाण्याच्या जोरावर ४५० अंशांच्या खाली ठेवा. बॉयलरच्या तोंडाशी असलेल्या जोडांची तपासणी प्रत्येक शटडाउनला करा; दुखणं तिथूनच सुरू होतं.

ऑक्सिजन दिवसाला २०० टनांच्या आसपास लागेल, म्हणजे स्वतःचा हवा-पृथक्करण विभाग आला. त्याच्या हवेच्या फिल्टरला कमी लेखू नका. २५ डिसेंबर १९९७ रोजी बिंतुलूचा असाच विभाग स्फोटात उद्ध्वस्त झाला. जंगलातल्या वणव्यांच्या धुराचे बारीक कण आत जाऊन द्रव ऑक्सिजनच्या अॅल्युमिनियम उपकरणात साचले आणि पेटले. कारखाना पुन्हा चालू व्हायला २००० साल उजाडलं.

फिशर-ट्रॉप्श: आधी मेण, मग डिझेल

सिनगॅसमधल्या कार्बनची साखळी या पायरीच्या रिअॅक्टरमध्ये, कोबाल्टवर बांधली जाते. नवख्याला वाटतं, रिअॅक्टर असा चालवावा की थेट डिझेल पडेल. तसं होत नाही. साखळीला पुढचा कार्बन जोडला जाण्याची शक्यता अल्फा या अंकाने मोजतात. वजनाने पट्टे मोजा: अल्फा ०.८ ला २६ टक्के माल वायूच राहतो (कार्बन १ ते ४), डिझेलचा पट्टा (कार्बन १० ते २०) ३२ टक्के. ०.९ ला वायू ८ टक्क्यांवर येतो, डिझेल ३७ टक्के होतं आणि त्याच्या वरचं मेणही जवळपास तेवढंच. डिझेलचा थेट वाटा कुठल्याही अल्फाला ४० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून शहाणपण असं की अल्फा ०.९ किंवा त्याहून वर ठेवून मुद्दाम मेण बनवावं. मेण नंतर फोडता येतं. मिथेन झालेला कार्बन मात्र पुन्हा रिफॉर्मरपासून फिरवावा लागतो. प्रत्यक्षात कोबाल्टवर मिथेन सूत्रापेक्षा थोडा जास्तच निघतो, तेवढी तूट वहीत धरा.

तापमान २०० ते २४० अंश, दाब २० ते ३० बार. कार्बन मोनॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे १६५ किलोज्यूल उष्णता सुटते. १,००० बॅरलला ही उष्णता १६ मेगावॅटच्या वर जाते. ती काढता आली नाही तर कॅटलिस्ट तापतो, तापला की मिथेन वाढतो, मिथेन बनताना आणखी उष्णता सुटते, आणि काही मिनिटांत तापमान हाताबाहेर जातं. यावर उपाय म्हणजे उकळतं पाणी. नळ्यांभोवती ते खेळवा आणि तापमान स्टीम ड्रमच्या दाबाने सांभाळा: २२० अंशांना २३ बार, २३० ला २८ बार. या पट्ट्यात दाब एक बारने उतरवला की पाणी दोन अंशांनी थंड होतं. ताशी सुमारे ३० टन वाफ मिळते. हवेचे कॉम्प्रेसर तिच्यावर चालवा.

रिअॅक्टरचे दोन प्रकार. नळ्यांच्या रिअॅक्टरमध्ये कॅटलिस्ट हजारो नळ्यांत भरलेला असतो. कतारच्या पर्ल प्रकल्पात असे २४ आहेत, प्रत्येकी १,२०० टनांचे. तिथे भरणी महत्त्वाची. एखाद्या नळीत माल सैल भरला तर वायू तिथूनच धावतो, म्हणून भरल्यावर नळ्यांचा दाब-उतार मोजून घ्या. दुसरा प्रकार स्लरीचा: वितळलेल्या मेणात कॅटलिस्टची पूड, खालून सिनगॅसचे बुडबुडे. तापमान सगळीकडे सारखं राहतं आणि कॅटलिस्ट चालू कारखान्यात बदलता येतो, पण पूड झिजून इतकी बारीक होते की मेणातून गाळणं अवघड जातं. कतारच्याच ओरिक्स प्रकल्पाचं उत्पादन सुरुवातीच्या काळात याच बारीक पुडीने रोखून धरलं होतं. गाळणीची क्षमता ठरवताना ताज्या पुडीचा आकार धरू नका, झिजलेल्या पुडीचा धरा.

सुरू करताना घाई नको. कोबाल्ट ऑक्साइडच्या रूपात येतो. आधी हायड्रोजनमध्ये ३५० अंशांच्या आसपास त्याचं क्षपण करा, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून धातू मोकळा करा. मग रिअॅक्टर २०० अंशांच्या खाली आणा, नायट्रोजनने पातळ केलेला सिनगॅस सोडा आणि तापमान हळूहळू चढवा. एका फेरीत ६० टक्क्यांच्या आसपास रूपांतर पुरे. त्याहून फार ताणलं तर आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब वाढून कोबाल्टची ताकद उतरते.

आणि पाणी! एक टन इंधनामागे सुमारे १.३ टन, म्हणजे इथे दिवसाला १५५ टनांहून जास्त. त्यात अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्लं असतात. ते साध्या पोलादाच्या पाइपातून नेऊ नका आणि शुद्ध केल्याशिवाय बाहेर सोडू नका.

मेण फोडणं आणि माल विकणं

ही पायरी तुलनेने सुखाची. मेण हायड्रोजनसह ३० ते ७० बार दाबाला, ३०० ते ४०० अंशांना प्लॅटिनम किंवा पॅलेडियमच्या कॅटलिस्टवरून नेलं की साखळ्या तुटतात आणि त्यांना फांद्या फुटतात. फांद्या कमी पडल्या तर डिझेल थंडीत गोठतं. मिळणाऱ्या डिझेलचा सिटेन अंक (इंधन किती चटकन पेट घेतं त्याचं माप) ७० च्या वर असतो, बीएस-६ या भारतीय मानकाला ५१ पुरतो. गंधक जवळजवळ शून्य. पण घनता लिटरला ७७० ते ७८० ग्रॅमच भरते, म्हणून ते बहुधा साध्या डिझेलमध्ये मिसळून विकतात. वंगणगुण कमी असल्याने त्यात लुब्रिसिटी अॅडिटिव्ह घालावंच लागतं, नाहीतर इंजेक्शन पंप झिजतो. अॅरोमॅटिक, म्हणजे कड्याच्या रचनेचे रेणू, नसल्यामुळे जुन्या गाड्यांचे फुगलेले रबरी सील आकसून गळू शकतात. अशा गाड्यांचे सील आधी बदलून घ्यावेत.

बंद करताना

निकेलचा थर २०० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजनने पूर्ण झटकून टाका. त्याहून थंड निकेलवर तो राहिला तर निकेल कार्बोनिल बनतो, आणि तो कार्बन मोनॉक्साइडपेक्षाही कितीतरी विषारी. क्षपण झालेला कोबाल्ट हवा लागताच आपोआप तापून पेटतो. तो नायट्रोजनखाली, मेणात बुडवलेल्या स्थितीतच पिंपांत भरा. भांड्यात माणूस उतरवण्यापूर्वी ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू ही तिन्ही मोजमापं तळाशी, मध्यावर आणि वर अशी वेगवेगळी घ्या.