राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या कार्यकारिणीवर जाताय? या चुका टाळा

सप्टेंबर 2023 मध्ये बेलग्रेडच्या जागतिक कुस्ती स्पर्धेत अंतिम पंघालने 53 किलो गटात कांस्यपदक जिंकलं आणि पॅरिस ऑलिंपिकचा कोटाही मिळवला. पण ती भारताच्या नावाने खेळू शकली नाही. महिनाभर आधी, 23 ऑगस्टला, जागतिक कुस्ती संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं होतं. आपले सगळे मल्ल जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली उतरले. या निलंबनाला कुठल्याही मल्लाची उत्तेजक चाचणी कारणीभूत नव्हती. महासंघाची निवडणूक वेळेत झाली नव्हती. त्यामागे महिला मल्लांच्या गंभीर तक्रारी, तदर्थ समिती आणि कोर्टाच्या स्थगित्या असा मोठा गुंता होता, हे खरं. पण कार्यकारिणीच्या पातळीवरच्या गोंधळाची किंमत शेवटी मॅटवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मोजली.

जिल्हा संघटनेपासून काम करत करत राज्य संघटनेवर आणि तिथून राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीवर पोहोचलेल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितो आहे. नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून, सणावाराच्या सुट्ट्या स्पर्धांच्या मैदानावर काढून ही माणसं इथवर येतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण महासंघ अडचणीत येतात ते बहुतेक वेळा तारखा, कागद आणि अधिकार या तीन ठिकाणी, आणि तिथे चांगला हेतू कामाला येत नाही.

मुदत संपल्यावर निवडणुकीची आठवण होणे

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, या कारणाने निवडणूक झाली नाही. मे 2022 मध्ये न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. फिफाच्या नियमांत सदस्य संघटनेचा कारभार बाहेरच्या कुणी चालवणं बसत नाही, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. त्या मुली न खेळता परत आल्या. नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला ऑक्टोबरमध्ये होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही हातचा जाण्याची वेळ आली होती. 26 ऑगस्टला निलंबन उठलं, 2 सप्टेंबरला निवडणूक झाली आणि स्पर्धा वाचली. गोकुलमची आशियाई क्लब स्पर्धा मात्र गेली ती गेली.

आपल्याकडच्या महासंघांची कोंडी यात नीट दिसते. क्रीडा कायद्याचं पालन झालं नाही की इथलं न्यायालय प्रशासक नेमतं, आणि प्रशासक आला की आंतरराष्ट्रीय संघटना निलंबनाची नोटीस काढते. एकदा या दोन्हींच्या मध्ये सापडलं की कार्यकारिणीच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे जे करायचं ते कुणीही दार ठोठावण्याआधी करावं लागतं.

व्यवहारात याचा अर्थ असा, की मुदत संपण्याच्या दिवसापासून उलटं मोजायचं. माझ्या मते वर्षभर आधी घटना 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याशी ताडून पाहावी. दुरुस्ती लागणार असेल तर मसुदा आंतरराष्ट्रीय संघटनेला लेखी पाठवावा आणि लेखी उत्तर मागवावं. फोनवर ‘चालेल’ म्हटलेल्याला पुढे कुणी ओळख देत नाही. सहा महिने आधी संलग्न राज्य संघटनांकडून प्रतिनिधींची नावं मागवावीत. तीन महिने आधी निवडणूक निर्णय अधिकारी नेमून मतदार यादी जाहीर करावी, म्हणजे हरकती ऐकायला वेळ राहतो. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मतदार यादी बदलली, तर आव्हान येणारच.

एका राज्याच्या दोन संघटना, आणि यादीत कोण?

जून 2019 मध्ये भारतीय तिरंदाजी महासंघाच्या दोन गटांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या निवडणुका घेतल्या. दोन्हीकडे अध्यक्ष निवडून आला. जागतिक तिरंदाजी संघटनेने ऑगस्टमध्ये महासंघ निलंबित केला. नोव्हेंबरमध्ये बँकॉकला दीपिका कुमारीने टोकियो ऑलिंपिकचा कोटा मिळवला, तोही तटस्थ खेळाडू म्हणून. जानेवारी 2020 मध्ये निलंबन उठलं.

वरची भांडणं अनेकदा खालून आलेली असतात. राज्यातच दोन संघटना असतात, दोघी स्वतःला खरी म्हणवतात, आणि राष्ट्रीय पदाधिकारी आपल्या गटाला मत देणारी संघटना यादीत घेतात. त्या क्षणी पुढच्या कोर्टकचेरीची पायाभरणी होते.

महाराष्ट्रात याला एक खास कारण आहे आणि ते टाळता येण्यासारखं आहे. आपल्या संघटना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. अनेक संघटनांत निवडणूक होते, हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो आणि बदल अर्ज राहून जातो. किंवा दाखल होतो, कुणीतरी हरकत घेतं आणि तो वर्षानुवर्षं पडून राहतो. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, जुनीच नावं, त्यातली काही दिवंगत सभासदांची. उद्या दोन गट झाले की कागदावर नेमका कोण पदाधिकारी आहे, हे सांगायची सोय उरत नाही.

म्हणून राष्ट्रीय निवडणुकीसाठी राज्याचा प्रतिनिधी पाठवताना तीन कागद सोबत लावा: परिशिष्ट एकचा ताजा उतारा, बदल अर्जाची पोच आणि प्रतिनिधी नेमल्याच्या ठरावाची प्रत. आणि तुम्ही राष्ट्रीय कार्यकारिणीवर असाल तर प्रत्येक राज्याकडून हेच मागा. आपल्या गटाच्या राज्याकडूनही.

महत्त्वाचा निर्णय ‘आयत्या वेळच्या विषयां’त उरकणे

विषयपत्रिकेवर शेवटी एक ओळ ठरलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ही सोय किरकोळ गोष्टींसाठी आहे. पण निवड समितीतला बदल, एखाद्या राज्याची संलग्नता रद्द करणं, प्रायोजकाशी करार असे विषय इथे येतात. तोवर निम्मे सभासद गाडी गाठायला निघालेले असतात, गणसंख्या उरलेली असते की नाही ते कुणी मोजत नाही. असा ठराव कोर्टात टिकत नाही. पैसा, संलग्नता, शिस्तभंग आणि निवड यांपैकी काहीही विषयपत्रिकेवर छापून, घटनेने सांगितलेल्या मुदतीत सगळ्यांना पोहोचलेलं असलं पाहिजे.

इतिवृत्ताचंही तसंच. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहिलेलं इतिवृत्त तुम्हाला वाचवत नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी केला, कोणते कागद समोर ठेवले होते, हे लिहा. तुमचा विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला सांगा. त्यात भांडखोरपणा काही नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हितसंबंधाची नोंद. निवड समितीच्या यादीत तुमच्या भावाची मुलगी असेल, क्रीडासाहित्य पुरवणाऱ्या दुकानात मेहुण्याची भागीदारी असेल, तर विषय निघताच सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. इतिवृत्तात ओळ यायला हवी: ‘श्री. अमुक यांनी हितसंबंध जाहीर केला व 4.20 ते 4.35 या वेळेत ते सभागृहात नव्हते.’ गप्प बसून राहणं पुरत नाही, कारण तुम्ही समोर बसलेले असताना बाकीचे मोकळेपणाने बोलू शकत नाहीत. आणि ती मुलगी खरोखर गुणवान असेल तर तिच्या निवडीवरचा डागही तुमच्या तिथे बसण्यानेच लागतो.

कार्यकारिणीने कचेरी चालवणे, आणि त्याच्या उलट

मानद पदाधिकाऱ्यांनी धोरण ठरवायचं, हिशेब विचारायचा. रोजचा कारभार पगारी अधिकाऱ्यांनी करायचा. बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात विमानाच्या तिकिटापासून ट्रॅकसूटच्या रंगापर्यंत सगळं खजिनदाराच्या फोनवर ठरतं.

भारतीय ऑलिंपिक संघटनेत हा वाद सगळ्या देशाने पाहिला. जानेवारी 2024 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून रघुराम अय्यर यांची नेमणूक जाहीर झाली. कार्यकारिणीतल्या बहुसंख्य सदस्यांनी तिला मान्यता द्यायला नकार दिला. नेमणुकीची पद्धत आणि मानधन हे आक्षेपाचे मुद्दे होते. अध्यक्ष पी. टी. उषा आणि कार्यकारिणी समोरासमोर आली. ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारताच्या संघटनेला मिळणारं खेळाडूविकासाचं अनुदान रोखलं. नेमणुकीला मंजुरी मिळाली ती जुलै 2025 मध्ये.

यात कुणाची बाजू बरोबर, या वादात मी शिरत नाही. पण जाहिरात, निकष, मुलाखत समिती आणि मानधनाची मर्यादा हे चारही ठराव नाव पुढे येण्याआधी मंजूर करून घेतले, तर नंतर माणसावर भांडण होत नाही. तुमच्या महासंघात अजून मुख्य कार्यकारी अधिकारी नसेल तर तेवढं तरी आत्ताच करा.

तक्रार समिती कागदावरच ठेवणे

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे धरलेली आहे. म्हणजे शिबिरही त्यात आलं. अंतर्गत समितीची अध्यक्ष महिला हवी, किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा, या कामाचा अनुभव असलेला हवा. महासंघाच्या सरचिटणीसांनाच समितीवर बसवू नका. ज्याच्या हातात निवड आहे, त्याच्यापुढे खेळाडू मुलगी तोंड उघडणार नाही.

समिती आहे का, हे तपासायचा सोपा उपाय आहे. शिबिरातल्या सगळ्यात लहान मुलीला विचारा, तक्रार करायची झाली तर तू कुणाला फोन करशील? तिला नाव आणि नंबर सांगता आला नाही, तर समिती नाही असं समजा.

खुर्ची न सोडणे

कबड्डी ही आपल्या मातीतली, म्हणून तिचं उदाहरण जास्त बोचतं. भारतीय हौशी कबड्डी महासंघाचं अध्यक्षपद जवळपास तीन दशकं एका व्यक्तीकडे आणि नंतर त्याच घरात राहिलं. ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द करून प्रशासक नेमला. प्रशासकाच्या अमलामुळे पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता अडचणीत आली. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे द्यायला सांगितला, तेव्हा कुठे मार्चमध्ये तेहरानच्या आशियाई स्पर्धेला महिला संघ जाऊ शकला. कर्णधार सोनाली शिंगटे, आपल्या मुंबईची. संघ सुवर्णपदक घेऊन आला.

ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार यांना सलग तीनच कार्यकाळ दिले आहेत. त्यानंतर विश्रांती घ्यावी लागते. कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला आणि सोबत खेळाडूंचे प्रतिनिधी. ही संख्या कशीबशी भरण्यापेक्षा निवृत्त होणाऱ्या खेळाडूंना दोन वर्षं आधीपासून उपसमित्यांवर घ्या. ताळेबंद वाचायला, विषयपत्रिका तयार करायला शिकवा. नाहीतर ते बिचारे सभेला येतात, सही करतात आणि परत जातात.

चूक झालीच तर

आंतरराष्ट्रीय संघटनेचं इशारापत्र आलं, तर ते त्याच दिवशी कार्यकारिणीतल्या सगळ्यांना पाठवा, विरोधी गटालाही. पत्र दडवणं हीच पुढे सगळ्यात मोठी अडचण होते. विशेष सभा बोलवा, दिलेल्या मुदतीच्या आत तारीखवार आराखड्यासह उत्तर द्या, आणि त्या उत्तरात पहिली मागणी ही ठेवा, की वाद मिटेपर्यंत खेळाडूंचा सहभाग थांबवू नये. वर्तमानपत्रांतून एकमेकांना उत्तरं देणं बंद. आणि ज्यांची स्पर्धा तोंडावर आहे त्या खेळाडूंना परिस्थिती स्वतः फोन करून सांगा. त्यांना ती बातमीतून कळता कामा नये.

वाद लांबवला तर काय होतं, ते बॉक्सिंगने दाखवलं. डिसेंबर 2012 मध्ये भारतीय महासंघ निलंबित झाला. 2014 मध्ये नवी संघटना आली, तिच्यातही 2015 मध्ये अध्यक्षांवर अविश्वास ठराव आला. स्थिर महासंघ उभा राहिला सप्टेंबर 2016 मध्ये, रिओ ऑलिंपिक आटोपल्यावर. लंडनला भारताचे आठ बॉक्सर गेले होते, रिओला तीन. मधल्या चार वर्षांत ज्यांचं वय निघून गेलं, त्यांना कुठलीही नवी कार्यकारिणी ती वर्षं परत देऊ शकत नाही.

शेवटी, पद सोडताना. बँकेतले सह्यांचे नमुने, महासंघाच्या ईमेलचे पासवर्ड, प्रलंबित खटल्यांची पुढच्या तारखांसह यादी, अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं, पुढच्या सहा महिन्यांतल्या स्पर्धांच्या प्रवेशिकांच्या शेवटच्या तारखा, हे सगळं यादी करून नव्या पदाधिकाऱ्यांच्या सहीने सोपवा. निवडणुकीत हरला असाल तरी. प्रवेशिकेची तारीख त्या आठवड्यातच असू शकते.