परग्रहावरच्या दलदलीतला जाळं विणणारा शिकारी कसा रचावा

शिकारी ४ मिलिमीटरचाच ठेवा. नमुना हवा असेल तर अंधार पडताना पैठणला नाथसागराच्या काठच्या गवतात टॉर्च मारा. लांब जबड्यांचे कोळी पाण्यालगत आडवं जाळं लावतात. पाण्यातून वर उडणारे किडे त्यात अडकतात. दिवसा हेच कोळी पाय ताणून गवताच्या पातीला चिकटतात, पटकन दिसत नाहीत.

विणण्याचा क्रम पाळा: दोन काड्यांमधला पहिला धागा, चौकट, आरे (मध्यापासून चौकटीकडे जाणारे धागे), मग तात्पुरती कोरडी फिरकी, म्हणजे गोल गोल फिरत जाणारा धागा. शेवटी बाहेरून आत येत चिकट फिरकी घालायची आणि कोरडी काढत जायची. बहुतेक जण सगळेच धागे चिकट दाखवतात. मग शिकारी धावणार कशावरून? आरे कोरडेच हवेत. फार दमट हवेत चिकट थेंब पातळ होऊन पकड सुटते, म्हणून तुमच्या दलदलीसाठी डिंक घट्ट ठेवा.